तक्रार पत्र: जनुकीय चाचणीचा अहवाल चुकीचा वाचून टर्म प्लॅन नाकारल्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
जीवन विमा कंपनी

महोदय,

माझा १ कोटी रुपयांच्या टर्म प्लॅनचा प्रस्ताव आपल्या अंडररायटिंग विभागाने (जोखीम तपासून प्रस्तावाचा निर्णय घेणाऱ्या विभागाने) नाकारला आहे. पत्रात कारण एका ओळीत दिले आहे: 'जनुकीय चाचणी पॉझिटिव्ह'. हे चुकीचे आहे. अहवाल पॉझिटिव्ह नाहीच.

कृपया तो अहवाल पुन्हा उघडून पाहावा. माझ्या आईला स्तनाचा कर्करोग झाला तेव्हा तिच्या बीआरसीए-१ जनुकात '१८५डेलएजी' हा रोगकारक बदल सापडला होता. तो मुलीकडे येण्याची शक्यता ५० टक्के असते. तो माझ्यात आहे का, हे पाहण्यासाठीच ही चाचणी होती आणि पहिल्याच तक्त्यात उत्तर आहे: 'आढळला नाही'. खालच्या तक्त्यात बीआरसीए-२ या दुसऱ्या जनुकातला एक वेगळा बदल नोंदवून पुढे 'व्हीयूएस, वर्ग ३', म्हणजे अर्थ अनिश्चित असलेला बदल, असे लिहिले आहे. आपल्या विभागाने वरचा तक्ता सोडून खालची ओळ तेवढी उचलली.

प्रयोगशाळा अशा बदलांचे पाच वर्ग करतात: निरुपद्रवी, बहुधा निरुपद्रवी, अर्थ अनिश्चित, बहुधा रोगकारक आणि रोगकारक. व्हीयूएस हा मधला वर्ग. पुरावा अपुरा असल्यामुळे त्याच्या जोरावर डॉक्टर शस्त्रक्रियेचा निर्णय घेत नाहीत. भारतीयांच्या अहवालांत हा वर्ग वारंवार दिसतो, कारण तुलनेसाठी वापरल्या जाणाऱ्या माहितीसाठ्यांत युरोपीय वंशाच्या लोकांच्याच नोंदी प्रामुख्याने आहेत. पुढे पुरावा जमला की यातले बहुतेक बदल निरुपद्रवी ठरतात. मग माझा विमा कोणत्या वैद्यकीय आधारावर नाकारला?

कौटुंबिक इतिहास विचारणे रास्त आहे, तो मी अर्जात लिहिलाही आहे. पण घरातला ज्ञात बदल मुलीत नसेल, तर आईच्या आजारापोटी धरलेली जोखीम बरीच खाली, जवळपास इतर स्त्रियांइतकी येते. हा अहवाल माझ्या बाजूने मोजायला हवा होता. ब्रिटनमध्ये सरकार आणि विमा कंपन्यांची यासाठी संहिता आहे. तिथे निरोगी व्यक्तीच्या भाकीत-चाचणीचा (पुढे आजार होण्याची शक्यता सांगणाऱ्या चाचणीचा) निकाल जीवन विम्यासाठी फक्त हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजाराबाबत, तोही ५ लाख पौंडांवरील रकमेसाठीच मागता येतो. ग्राहकाने स्वतःहून दिलेला निगेटिव्ह निकाल मात्र विचारात घेता येतो. आपल्याकडे जीवन विम्यासाठी असा स्वतंत्र कायदा नाही, म्हणूनच अंडररायटरने अहवाल नीट वाचणे जास्त गरजेचे आहे.

अहवाल दडवला असता, तर विमा कायद्याच्या कलम ४५ खाली पहिल्या तीन वर्षांत कंपनीला पॉलिसीला आव्हान देता आले असते आणि ऐन गरजेच्या वेळी घरच्यांचा क्लेम अडकला असता. खरे सांगणाऱ्याला असा नकार मिळू लागला, तर लोक चाचणी करून घ्यायलाच कचरतील. याची मला खरोखर काळजी वाटते.

माझ्या मागण्या अशा: फाइल मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवून सोबत जोडलेल्या जनुकीय समुपदेशकांच्या पत्रासह तिचा फेरविचार व्हावा. निर्णय काहीही झाला, तरी कोणत्या जनुकातल्या कोणत्या बदलामुळे आणि अंडररायटिंग धोरणातल्या कोणत्या कलमाखाली तो घेतला, हे लेखी कळवावे. 'पॉझिटिव्ह' ही नोंद दुरुस्त करून तसे पत्र द्यावे. दुसऱ्या कंपनीच्या अर्जात 'यापूर्वी प्रस्ताव नाकारला गेला आहे का?' हा प्रश्न असतोच, आणि तिथे मला या पत्राची प्रत जोडावी लागेल.

दोन आठवड्यांत लेखी उत्तर न आल्यास ही तक्रार विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर नोंदवीन.

आपली,
प्रस्तावक

सोबत: अहवालाची पूर्ण प्रत, आईच्या अहवालातील संबंधित पान, समुपदेशकांचे पत्र, नकारपत्र