मित्रा, गुरुवारी येशील का?

प्रिय मित्रा,

परवा फोनवर मी ‘सगळं ठीक’ म्हणालो ते खरं नव्हतं. तू दोनदा विचारलंस, पण ही शेजारीच होती आणि तिच्यासमोर मी सध्या खंबीर असल्याचं दाखवतोय. म्हणून हे पत्र.

वर्षभर लघवीचा त्रास आहे. घाई अशी लागते की पोचेपर्यंत धीर निघत नाही आणि उभं राहिलं की काहीच होत नाही. नळ बारीक सोडून ठेवतो, त्या आवाजाने कधी धार सुरू होते. तीही तुटक तुटक. संपल्यावरसुद्धा मोकळं वाटत नाही. एकसष्टी झाली, आता हे असंच चालायचं, अशी मनाची समजूत घातली. हिची झोप मोडू नये म्हणून रात्री दिवा न लावता भिंत चाचपत जायचो. एकदा परत आलो तर ही पलंगावर उठून बसलेली. ‘आजची ही पाचवी वेळ,’ म्हणाली. इतके दिवस ती अंधारात मोजत होती रे. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो.

तिथून आकड्यांचा फेरा सुरू झाला. रक्तातला पीएसए, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीचं एक प्रथिन, 6.8 आला. 4 च्या वर गेला की कॅन्सर तर नाही ना, हे साधारणपणे पुढे बघतात. रात्रभर मी त्या 6.8 शीच झुंजत होतो. डॉक्टर म्हणाले, पीएसए प्रोस्टेट ग्रंथीतूनच, मूत्राशयाखालच्या त्या ग्रंथीतून, येतो; ती नुसती वाढली, सुजली किंवा लघवीत जंतुसंसर्ग झाला तरी तो चढतो. आणि लघवीत संसर्ग निघालाच. केवढा आनंद झाला म्हणून सांगू! जंतू सापडले म्हणून खूश होणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला, तोही आरशात. गोळ्यांचा कोर्स झाला, सूज उतरायला दोन महिने थांबलो, पुन्हा रक्त दिलं. 5.1. उतरला, पण 4 च्या खाली नाहीच.

मग फ्री पीएसए काढला, म्हणजे एकूण पीएसएपैकी रक्तात मोकळा फिरणारा भाग; तो 14 टक्के. 25 च्या वर असता तर बराच दिलासा, 10 च्या खाली असता तर काळजी जास्त. माझा मधेच लटकलेला. सोनोग्राफीत ग्रंथी 52 सीसी, म्हणजे नेहमीच्या दुपटीहून मोठी. एवढ्या मोठ्या ग्रंथीला 5.1 फार नाही, असं डॉक्टरच म्हणाले. पण बोटाने तपासताना त्यांना डावीकडे थोडं कठीण लागलं. तपासताना ते बोलत होते आणि त्या जागी आले तसे क्षणभर गप्प झाले. ती शांतता अजून माझ्या कानात आहे. शेवटी एमआरआय, त्यात पायरॅड्स 3. कॅन्सरची शंका किती, हे एक ते पाच आकड्यांत सांगतात, तो हा. पाचातला तीन! म्हणजे धड होही नाही, धड नाहीही नाही. वाईट बातमी ऐकायची मी तयारी केली होती, चांगलीचीही केली होती. या मधल्या उत्तराची नव्हती.

गेल्या आठवड्यात बायोप्सी झाली, ग्रंथीचे बारीक तुकडे तपासायला काढले. दुखलं, पण भीती वाटली होती तितकं नाही. दोन दिवस लघवी लालसर झाली, तसं होईल असं त्यांनी आधीच बजावलं होतं. आता रिपोर्टची वाट.

दिवसा बरा असतो. पण रात्री उठलो की परत झोप नाही, मोबाइल घेऊन तेच रिपोर्ट पुन्हा वाचत बसतो. धारेचा जोर आणि कॅन्सर यांचा तसा थेट संबंध नाही, धार अडते ती बहुतेक वेळा साध्या वाढीने, हे मला आता पाठ आहे. कॅन्सर निघाला तरी कमी ग्रेडचा, म्हणजे हळू वाढणारा, असेल तर पुष्कळदा लगेच काही न करता फक्त लक्ष ठेवतात, हेही माहीत आहे. पण रात्री तीन वाजता यातलं काही उपयोगी पडत नाही. धार बारीक आली की वाटतं, झालं.

तुला लिहिण्याचं कारण वेगळंच आहे. त्या खोलीत गेल्यावर पहिलं वाक्य कानावर पडतं आणि पुढचं काहीच आत जात नाही. एमआरआयच्या दिवशी आम्ही दोघं बाहेर आलो आणि मला ‘तीन’ तेवढं आठवत होतं, हिला ‘बायोप्सी’. मधलं सगळं गेलं. कोणीतरी तिसरं, शांत डोक्याचं माणूस हवं, जे लिहून घेईल. कॅन्सर नसेल तर पीएसए पुन्हा कधी करायचा. असेल तर ग्रेड कोणता, किती तुकड्यांत सापडला. आणि काहीही निघो, या लघवीचं काय करायचं. एवढं विचारायचं आहे. माझ्या तोंडून ते निघेल असं वाटत नाही.

गुरुवारी सकाळी अकराला बोलावलंय. येशील का? येणार असलास तर आधी हिला फोन करून सांग. परवा तीच म्हणाली, ‘भाऊजी असते बरोबर, तर बरं झालं असतं.’

तुझा,
मित्र