तव्याची म्हातारी

लालबाग,
रविवार दुपार

चि. सायली हिस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "हो", "बरं", "जेवले" याच्या पुढे जात नाहीस आणि व्हॉट्सॲपवर मी मोठं काही लिहिलं की दोन सेकंदांत अंगठा येतो. एवढं दोन सेकंदांत वाचून होत नाही, मी घड्याळ लावून बघितलंय. म्हणून वहीत लिहितोय. बबल्या फोटो काढून पाठवेल. अक्षर लागलं नाही तर आईला विचार, तिला लागतं.

पंपाचा विषय या पत्रात काढणार नाही. आईला तसं कबूल केलंय.

तुझ्या ऑफिसातल्या मॅडमना मी तुला न विचारता मेल केला, त्याबद्दल लिहायचंय. निघायच्या आदल्या रात्री तू म्हणालीस, "तिथे कुणाला माझं नाव कळायच्या आधी माझा दमा कळला." बरोबरच होतं तुझं. पण बॅग भरताना निळा पंप मोज्यांच्या खाली, पार तळाला कोंबलेला मी पाहिला आणि माझा धीर सुटला. ती बॅग विमानाच्या पोटात जाणार. वाटेत लागला तर? बघ, निघालाच विषय.

विमानतळावर तू आईच्या गळ्यात पडलीस, मला वाकून नमस्कार केलास आणि ट्रॉली ढकलत आत गेलीस. रागावलीस की तू नमस्कार करतेस, एरवी पाठीत थाप घालतेस. तुझी पिवळी बॅग काचेतून दिसत होती तोवर उभा होतो. मग दारावरचा जवान म्हणाला, काका, बाजूला व्हा. एकतीस वर्षं बसमध्ये मी लोकांना तेच सांगत आलो, त्यामुळे राग नाही आला.

तुझ्या कॉम्प्युटरवर आईने आठवडाभर घड्या केलेले कपडे ठेवले. मग एका संध्याकाळी मीच बबल्याला म्हटलं, ही ज्या गेमच्या गोष्टी लिहायला गेलीय, तसला एक मला दाखव. त्याने तुझाच 'विचर ३' लावला. तुझी कंपनी ती नव्हे, शहर फक्त तेच, वॉर्सा, हे तू चारदा सांगितलंयस, लक्षात आहे. २०१५ चा खेळ, म्हणजे तू क्लासला दांड्या मारायचीस त्या वर्षीचा. दांड्यांचं मला तेव्हाच कळलं होतं. असो. बटणं बबल्याने दाबायची आणि काय बोलायचं ते मी ठरवायचं, अशी वाटणी झाली. रोज रात्री जेवणं झाली की बसायचो. काही प्रसंगांना तुझ्या आईला मी चहा टाकायला उठवलं. त्यात असलंही असतं हे तू बोलली नव्हतीस.

पहिला आठवडा मी नुसता चिडत होतो. तो पांढऱ्या केसांचा गेराल्ट. त्याने सांभाळलेली मुलगी, सिरी, बेपत्ता आहे, तिच्या मागावर भुतासारखे घोडेस्वार. आणि हा गृहस्थ गावोगावी पत्ते कुटत बसतो! घोड्यांच्या शर्यती लावतो. कुणाच्याही घरात शिरून पेट्या उघडतो, असेल ते उचलतो आणि घरातली माणसं बघत उभी. मी म्हटलं, अरे पोरगी हरवलीय ना याची? बबल्या म्हणाला, "काका, मेन क्वेस्ट कुठे पळत नाही. आपण जाईपर्यंत थांबते ती." मेन क्वेस्ट म्हणजे मुख्य कामगिरी. असल्या सगळ्या खेळांत हेच म्हणे. जग बुडायला आलेलं असतं, पण नायकाची बारीकसारीक कामं उरकेपर्यंत दम धरतं. तू चार वर्षांची होतीस, छाती भात्यासारखी वाजत होती, आणि मी त्या रात्री डबल ड्युटी घेतली होती. केईएमला तुला आईने एकटीने नेलं. मी पोचलो तेव्हा तोंडाला वाफेचा मास्क लावून तू झोपली होतीस. ते आठवलं, म्हणून मग गेराल्टला फार बोललो नाही.

सुरुवातीच्याच गावात एक म्हातारी भेटते बघ. लढाई नुकतीच होऊन गेलेली, परकं सैन्य गावात घुसलेलं, आणि बाईचं एकच तुणतुणं: माझा तवा एकाने नेलाय, तो परत आणून द्या. बबल्या पुढे निघाला होता. मी त्याला मागे फिरवलं. म्हटलं, आधी तिचा तवा. त्या घराचं दार तोडून आत गेलो तर आत मेलेला माणूस, आणि तवा तिथेच पडलेला. नेऊन दिला. तेवढं काम मला सगळ्यात पटलं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्हाला पटणारच. तुमचाही तवाच आहे." माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

आता तू म्हणायचीस ते साचे. गाव जळतं, पोरगा वाचतो. तोच निवडलेला निघतो. कुणाची तरी स्मृती गेलेली असते. गुरू मरतो. गडावरच्या लढाईत तो म्हातारा व्हेसेमिर गेला तेव्हा बबल्या थंडपणे म्हणाला, "काका, केस पांढरे झालेला गुरू मरतोच." मी डोक्यावरून हात फिरवला. तुला मी एकदा हसून म्हटलं होतं, सगळ्यांची गोष्ट एकच तर तुला पगार कशाचा? तू दोन दिवस बोलली नाहीस. चुकलंच माझं. आमच्याकडे जत्रेत तमाशा यायचा, त्यात गण, गवळण, बतावणी आणि मग वग, दरवर्षी त्याच क्रमाने. गवळणीतली मावशी काय बोलणार हे पोरासोरांना पाठ. तरी बैलगाड्या भरून माणसं यायची, कारण यंदाची मावशी तेच कसं बोलते ते बघायचं असायचं. आत्या श्रावणात कहाणी वाचते, त्यातही आटपाट नगर, आवडती राणी, नावडती राणी, आणि रानात भेटलेल्या बायका वसा देतात: उतू नकोस, मातू नकोस. तीसुद्धा क्वेस्टच की! हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

एक सांगू? तुझ्या खेळांतले ते गावकरी, जवळून गेलं की तेच एक वाक्य बोलणारे, त्यांना लोक हसतात. मी तोच होतो गं. १९८८ ते २०१९. "पुढे चला, दारात थांबू नका, सुट्टे द्या." कुणी विचारलं असतं तर अजून दोन वाक्यं होती माझ्याकडे. भोईवाड्याला एक आजी चढायची, रोज म्हणायची, "केईएम आलं की सांग हां बाळा." दोन वर्षं रोज सांगितलं. मग एकदा तिने तिकीट घेतलं आणि केईएम आलं तरी उठली नाही. म्हणाली, आता उतरायचं कारण नाही राहिलं, नुसती सवय झालीय. तिचं एक वाक्य दोन वर्षांनी बदललं. तू गावकरी लिहिशील तेव्हा तो रोज तेच का बोलतो ते आधी ठरव, मग त्याला कधीतरी एकदा दुसरं बोलू दे, पण खेळणारा रोज त्याच्याकडे आला असेल तरच, आणि बक्षीस वगैरे देऊ नकोस त्याचं, नाहीतर लोक बक्षिसासाठी...

बघ, तुझं काम तुलाच शिकवतोय. माफ कर. मला पत्त्यांचा खेळही अजून कळलेला नाही.

मामाने दुबईहून आणलेलं ते दोन पडद्यांचं यंत्र आठवतं? तू अकराची असशील. रात्री पांघरुणात धाप लागल्यासारखी रडत होतीस. मी दिवा लावून पंप शोधायला लागलो, ड्रॉवर उपसला, तर तू म्हणालीस, "पंप नको, त्याचे बाबा मेले." 'ड्रॅगन क्वेस्ट ५' होता तो, जपानात १९९२ मध्ये आलेला, हे मला आता बबल्याने सांगितलं. राक्षसाने लहान मुलाला ओलीस धरलंय आणि बाप लढू शकत असून मार खातो, हात उचलत नाही. तू मला दुसऱ्या दिवशी ड्युटीवर निघताना विचारलंस, "बाबा, पुढे मेलेल्याला उठवणारं झाडाचं पान मिळतं. मग ते बाबांवर का चालत नाही?" मला बस गाठायची होती. म्हटलं, खेळ आहे तो. त्या उत्तराची मला अजून लाज वाटते. परवा बबल्यालाही विचारलं. तो म्हणाला, लढाईत मेलेला उठतो, गोष्टीत मेलेला नाही उठत. असा नियमच आहे म्हणे.

पण त्या खेळातलं पुढचं तू मला सांगितलं होतंस, ते मी विसरलेलो नाही. पोरगा मोठा होतो, लग्न करतो, आणि कळतं की दंतकथेतला वीर तो नव्हेच, त्याचा मुलगा आहे. ती तलवार मुलालाच पेलते. तू नाराज होतीस, एवढं खेळून आपण वीर नाही म्हणून. मला मात्र ऐकून बरं वाटलं होतं. मंडळात कुणी विचारलं की मी आता तुझं पद इंग्रजीतच सांगतो. उच्चार चुकतो, पण सांगतो.

आणि ते पान तू शेवटपर्यंत वापरलंच नाहीस. झोळीत औषधं भरलेली, "शेवटच्या राक्षसासाठी ठेवलीत" म्हणायचीस, आणि शेवटचा राक्षसही त्यांच्याशिवायच मारलास. बबल्याही तसाच, सफरचंदं आणि पाव गोळा करून ठेवतो, गेराल्ट अर्धमेला झाला तरी खायला देत नाही. सगळेच खेळणारे असे असतात म्हणे. पण रोजचा पंप रोज घ्यायचा असतो गं. तो जपून ठेवायचा नसतो. तिकडे थंडीत कोळशाचा धूर असतो असं वाचलं. बस. एवढंच.

आता खरं सांगतो. आमचा शेवट वाईट झाला.

शेवटाकडे सिरी सापडते. मग अधूनमधून खेळ विचारतो, तिला काय म्हणायचं. गुरू गेल्यावर ती खचून बसली होती. मी निवडलं, शांत हो, सगळंच आपल्याला जमलं पाहिजे असं नाही. दोघं दारू पीत बसली. पुढे ती एकाच्या प्रयोगशाळेत चिडून तोडफोड करायला निघाली. मी म्हटलं, सावर स्वतःला. तिला मदत केलेल्या आणि पुढे जीव गेलेल्या एका मुलाच्या थडग्यावर तिला जायचं होतं. मी म्हटलं, वेळ कुठाय? आणि त्या चेटकिणींनी तिला बोलणी करायला बोलावलं तेव्हा दोन ओळी आल्या. तू एकटी जा. मी येतो बरोबर. बबल्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, विचारतोस काय, दाब. मी येतो.

ती परत आली नाही. गेराल्ट दलदलीत जाऊन तिथल्या शेवटच्या म्हाताऱ्या चेटकिणीला मारतो (बोलणीवाल्या त्या वेगळ्या), तिच्याकडून पोरीचं लॉकेट घेतो आणि ते हातात धरून बसतो, बाहेर राक्षस जमलेले. मी विचारलं, कुठे चुकलं? लढाई तर सगळी जिंकलो. बबल्या बिचारा बोलेना. मग म्हणाला, "काका, ते लढाईवर नसतं."

तो मेल मी इंग्रजीत लिहिला होता, तीन वेळा तपासून. रिस्पेक्टेड मॅडम, माय डॉटर. डॉक्टरांची चिठ्ठीही जोडली होती. आता वाचला तर मी त्या बोलणीवाल्या चेटकिणींच्या दारात उभा आहे असं वाटतं, टोपी हातात घेऊन. पुन्हा असं करणार नाही. त्यांचं उत्तर आलं होतं, चांगलं होतं, तुला सांगायचं राहिलं. मी पुढे काही लिहिलेलं नाही.

माझी आजी वळिवड्याच्या छावणीत भाजी विकायला जायची हे तुला ठाऊक आहे. १९४३ ते ४८, पाचेक हजार पोलिश माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, कोल्हापूरच्या उन्हात. एका बाईने तिला दिलेली विणकामाची सुई आत्याकडे आहे. वॉर्सात त्या छावणीचं स्मारक आहे म्हणतात. वेळ मिळाला तर जाऊन ये. फोटो पाठवला नाहीस तरी चालेल. आत्या विचारेल, तिला मी काहीतरी सांगेन.

बबल्याकडे जुना सेव्ह होता. गुरू जळतोय तिथला. काल पुन्हा तिथून बसलो. आई या वेळी चहाला उठली नाही. ती ओळ आली तेव्हा तीच म्हणाली, दुसरं दाबा, तिला बाहेर बर्फात घेऊन जा. मग दोघं एकमेकांना बर्फाचे गोळे मारतात. बटणं माझ्याकडे दिली होती. मला एकही नेम लागला नाही आणि तिने मला पार भिजवलं. आई इतकी हसली की खालच्या वहिनी विचारायला आल्या.

चेटकिणींपर्यंत अजून पोचलो नाही. बबल्याची परीक्षा आहे, पुढच्या रविवारी बसू.

पार्सलात मेतकूट, आगळ आणि आईने विणलेले मोजे आहेत. मोज्यांच्या आत काही ठेवलेलं नाही, उगाच शोधू नकोस.

तुझा,
बाबा

ता. क. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो, म्हणजे तुझे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा इथे अडीच. मी तेव्हा जागाच असतो, पाणी प्यायला उठलेलो. फोन कर असं म्हणत नाही.