बोटांखाली उमटलेल्या टक्केवारीबद्दल आभार

प्रिय ताई,

आपण कधी भेटलो नाही, ओळख ती ईमेलमधलीच. पण या वेळी माझ्या ब्रेल डिस्प्लेचं, म्हणजे संगणकावरचा मजकूर बोटांखाली टिंबांत उमटवणाऱ्या यंत्राचं, सॉफ्टवेअर मी कुणालाही शेजारी न बसवता, एकट्याने अपग्रेड केलं. ते तुमच्यामुळे जमलं, हे चारचौघांत सांगावंसं वाटलं म्हणून हे जाहीर पत्र.

ज्याला दिसतं त्याला पडद्यावर सरकणारी पट्टी कळते, ज्याला ऐकू येतं त्याला शेवटचा आवाज. मला दोन्ही नाही. माझ्याकडे आहेत डिस्प्लेचे 40 सेल, म्हणजे एकेका अक्षराच्या जागा, आणि प्रत्येकात वर-खाली होणारी 8 टिंबं. अपग्रेड सुरू झालं की नेमकी तीच खाली बसायची. बोटांखाली नुसतं गुळगुळीत प्लास्टिक. चाललंय, अडकलंय की संपलंय, काही म्हणता काही कळायचं नाही. एकदा खूप वाट पाहून मी केबल काढली. काम अर्ध्यावर होतं, यंत्र पुन्हा सुरूच झालं नाही. ते दुरुस्त होऊन येईपर्यंत माझ्याशी बोलायचं तर तळहातावर एकेक अक्षर काढावं लागे. तेवढा धीर फार थोड्यांकडे असतो.

डिस्प्ले बनवणाऱ्या तुमच्या कंपनीला तक्रार लिहिली तेव्हा ‘फोन करा’ असंच उत्तर येणार, असं धरून चाललो होतो. तुम्ही विचारलंत, “त्या वेळी तुमच्या बोटांखाली नेमकं काय असतं?” हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मग मॉनिटर आणि स्पीकर बंद ठेवून तुम्ही स्वतः अपग्रेड करून पाहिलंत.

अपग्रेडच्या काळात स्क्रीन रीडरचा, म्हणजे डिस्प्लेकडे मजकूर पाठवणाऱ्या संगणकावरच्या प्रोग्रॅमचा, डिस्प्लेशी संपर्क तुटलेला असतो. म्हणून टक्केवारी दाखवायचं काम तुम्ही यंत्राच्या आतल्या बूटलोडरवर, म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर, सोपवलंत. किती वेळ लागेल, टिंबं कधी खाली बसतील, हे आधीच ब्रेलमध्ये वाचायला मिळतं. काम पूर्ण झालं की सगळी टिंबं एकदम वर येतात. फाइल उतरवताना ‘चित्र ओळखा किंवा आवाज ऐका’ ही अट होती, तीही तुम्ही काढून टाकलीत. शिवाय 2018 मध्ये आलेल्या यूएसबीच्या ब्रेल मानकाची सोय याच अपग्रेडमध्ये आहे, त्यामुळे नंतर ड्रायव्हर, म्हणजे यंत्र संगणकाला ओळखू यावं यासाठीचं वेगळं सॉफ्टवेअर, शोधत बसावं लागलं नाही.

परवा 62 टक्क्यांवर बराच वेळ काही हललं नाही. मी केबलला हात लावला नाही. बोटं तिथेच ठेवली, आणि 63 उमटलं.

तुमचा,
एक ब्रेल वाचक