वेष्टणावरचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीतील पंक रॉकवरचा, म्हणजे १९७० च्या दशकातल्या त्या वेगवान, साध्यासुध्या रॉक संगीतावरचा, लेख वाचला. मराठी दैनिकाने या विषयाला पान दिले याचे समाधान आहे. परंतु त्यातला निम्मा मजकूर रंगवलेले केस, फाटके कपडे आणि सेफ्टी पिना यांवर खर्च झाला आणि ‘वाद्य न येणाऱ्यांचा गोंगाट’ एवढ्या शेऱ्यावर संगीताची बोळवण झाली, हे पटले नाही.

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडसमोर, मी बरीच वर्षे कॅसेटचे दुकान चालवले. नागपूरला इंजिनिअरिंगला असलेल्या गावातल्याच एका मुलाने १९९० च्या दशकात माझ्याकडे दोन कॅसेटी कॉपी करायला दिल्या. (तो धंदा कायद्यात बसत नव्हता, हे कबूल.) त्यातली एक न्यूयॉर्कच्या रमोन्स या पंक बँडची १९७६ सालची होती आणि दुसरी लंडनच्या क्लॅश या बँडची, १९७९ ची ‘लंडन कॉलिंग’. रमोन्सची १४ गाणी साठ मिनिटांच्या कॅसेटच्या एकाच बाजूला बसली, कारण सगळा ऐवज जेमतेम २९ मिनिटांचा. क्लॅशला मात्र नव्वदची कॅसेट लागली. मूळ तबकड्याच दोन, आणि त्या एका तबकडीच्या भावात विकायच्या असा त्यांचा आग्रह होता. रमोन्सचा गिटारवाला जॉनी तारा केवळ वरून खाली छेडतो, तेही अर्धा तास न थांबता. ज्यांना हा गोंगाट वाटतो त्यांनी पाच मिनिटे तसे मनगट हलवून पाहावे. तो अल्बम सुमारे ६,४०० डॉलरमध्ये आणि आठवडाभरात ध्वनिमुद्रित झाला होता. मोठ्या रॉक बँडांच्या एकेका अल्बमवर महिनोन्‌महिने आणि पाण्यासारखा पैसा जात होता, त्या काळातली ही गोष्ट आहे.

लंडनच्या सेक्स पिस्टल्स या बँडचे इंग्लंडच्या राणीवरचे गाणे राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवात, १९७७ साली, बीबीसीने वाजवायचे नाकारले आणि तरीही ते विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेले, ही हकिगत लेखात आहेच. त्याआधीची एक संध्याकाळ मात्र राहून गेली. ४ जून १९७६ रोजी मँचेस्टरमधल्या एका छोट्या सभागृहात हा बँड वाजवायला आला, तेव्हा चाळीसेक माणसे होती, असे सांगतात. त्यांपैकी पीटर हुकने दुसऱ्याच दिवशी बेस गिटार विकत घेतली आणि पुढे जॉय डिव्हिजन हा बँड उभा राहिला. कार्यक्रम ठरवणाऱ्या दोघा पोरांचा बझकॉक्स हा बँड तर तोवर उभा राहण्याच्या तयारीतच होता.

या बझकॉक्सने ओळखीच्यांकडून आणि घरच्यांकडून पाचशे पौंड उसने घेतले, डिसेंबर १९७६ मध्ये एका दिवसात चार गाणी मुद्रित केली आणि जानेवारी १९७७ मध्ये ‘न्यू हॉर्मोन्स’ नावाची स्वतःचीच कंपनी थाटून तबकडी काढली. वेष्टणावर त्यांनी प्रत्येक गाणे कितव्या प्रयत्नात मुद्रित झाले आणि नंतर त्यावर वेगळे मुद्रित केलेले किती जादा आवाज चढवले, तेही छापले. दुकानदार म्हणून सांगतो, धंद्यातली गुपिते अशी उघडी मांडणारा माणूस मला बाजारात भेटला नाही. त्याच सुमारास ‘साइडबर्न्स’ या घरगुती पत्रिकेत गिटारच्या तीन कॉर्डची (एकत्र छेडायच्या सुरांची) चित्रे काढून, आता बँड काढा, असे लिहिले होते. (हे चित्र पुष्कळदा ‘स्निफिन ग्लू’ या दुसऱ्या पत्रिकेच्या नावावर खपवले जाते.) वॉशिंग्टनच्या मायनर थ्रेट या बँडच्या पोरांनी काढलेली डिस्कॉर्ड कंपनी हा याच वाटेवरचा पुढचा मुक्काम होय.

ही रीत आमच्याकडेही आहे. पोळ्याच्या तोरणाखाली बैल उभे राहिले की कुणीतरी हात वर करून झडती, म्हणजे छोटे कवन, म्हणतो. चार ओळींत सावकार, पुढारी, कापसाचा भाव, साऱ्यांचा समाचार घेतला जातो आणि ‘हर बोला’च्या गजरात मंडळी पुढच्या झडतीकडे वळतात. तो कुठे शिकला, हे कुणी विचारत नाही. मी तीन गावांच्या झडत्या टू-इन-वनवर टिपून शहरातल्या एका कंपनीकडे पाठवल्या होत्या; ‘भाषा गावंढळ आहे, मागे बैलांच्या घंटा ऐकू येतात’ असे म्हणून त्यांनी फीत परत केली. तेव्हा मी बझकॉक्सचे नावही ऐकले नव्हते. घरीच पन्नास प्रती काढल्या आणि त्या पुढच्या पोळ्यापर्यंत संपल्या.

लेखकाची तक्रार अगदीच बिनबुडाची आहे, असे माझे म्हणणे नाही. सेक्स पिस्टल्सचा व्यवस्थापक कपड्यांचे दुकान चालवत होता आणि त्याने पोरांचा वापर केला. काही बावळटांनी स्वस्तिकाचे नाझी चिन्हही मिरवले. पण त्याच लंडनमध्ये ३० एप्रिल १९७८ रोजी वंशद्वेषाविरुद्ध व्हिक्टोरिया पार्कात जो मेळावा झाला, त्यात क्लॅश वाजवत होते आणि गायिका पॉली स्टायरिनचा एक्स-रे स्पेक्स हा बँडही होता. स्लिट्ससारख्या मुलींच्या बँडचा, किंवा बॅड ब्रेन्स या वॉशिंग्टनच्या कृष्णवर्णीय वादकांचा लेखात उल्लेखही नसावा, याचे मात्र नवल वाटते.

माझ्या झडत्यांच्या त्या पन्नास प्रतींपैकी एक अजून कपाटात आहे. वेष्टणावर मी गावांची नावे आणि दुकानाचा पत्ता तेवढा लिहिला होता; म्हणणाऱ्यांची नावे लिहायची राहून गेली.

आपला,
एक जुना वाचक, जि. यवतमाळ