सुखाच्या कविता

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

गेल्या शनिवारी पुण्यात क्वीअर कवितांचा आणि सादरीकरणांचा एक कार्यक्रम झाला. देह आणि वासना हाच त्याचा विषय होता व तो तसा उघडपणे जाहीरही केलेला होता. अशा मंचांवरून आपण आजवर दुःखाच्या कविता पुष्कळ ऐकल्या. त्या आवश्यकच होत्या. १८६० च्या दंडसंहितेने ज्या समलिंगी प्रेमाला गुन्हा ठरवले, त्याची बाजू मांडताना सुखाविषयी बोलण्याची उसंत कोणाला होती? ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने कलम ३७७ चा तो धाक संपवला, तरी आपल्या कवितेच्या अंगातून तो निघायला वेळ लागला. शनिवारी तो निघालेला दिसला.

पन्नाशीच्या एका कवीने जोडीदाराच्या पाठीवरील पिकल्या केसांविषयी वाचले. घामाचा वास, झोपेत जड होणारा हात, उन्हाळ्यात अंगाला चिकटणारी चटई, एवढेच त्या कवितेत होते. दया मागणारी एकही ओळ नव्हती. (मागे गिटार वाजत होती, ती नसती तर अधिक बरे झाले असते.)

मी सर्वाधिक रमलो तो बैठकीच्या लावणीत. नऊवारी नेसलेल्या एका तरुणाने बसल्या जागी, केवळ नजर, भुवई आणि बोटे यांच्या बळावर, एकच ओळ पुनःपुन्हा घेतली आणि दर वेळी तिच्यातून निराळी इच्छा उभी केली. ओठांवरची मिशी त्याने लपवली नव्हती. ‘मानापमान’ नाटकात बालगंधर्वांनी रंगवलेल्या भामिनीला आपल्या प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले, परंतु तमाशापटांत नाच्या रंगवणाऱ्या गणपत पाटलांच्या वाट्याला पडद्याबाहेरही कुचेष्टाच आली. पुरुषाने नेसलेले लुगडे आपल्याला चालते. त्या लुगड्यातून तो पुरुषाची अभिलाषा धरू लागला की लोकांना हसू फुटते, आणि ते मला नेहमीच बोचत आले आहे. शनिवारी त्या तरुणाने पहिल्या रांगेतील एका गृहस्थांकडे रोखून पाहत ओळ टाकली, तेव्हा कोणी खिदळले नाही. दाद मिळाली ती अदेला.

समलिंगी विवाहाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नाकारला आहे, त्यामुळे संघर्षाच्या कविता लिहिल्या जातीलच. तुझ्या वहीतील कविता मात्र मला त्यांच्यासाठी थांबवून ठेवायच्या नाहीत. पुढील कार्यक्रमासाठी आयोजक नवे कवी शोधत आहेत. तुला येणे जमणार नसेल तर मी वाचेन, पण नदीवरची कविता नको. पावसाळी दुपारची, जी तू मला एकदाच दाखवलीस, ती पाठव.

तुझा,
मित्र