मोतीबिंदूच्या शिबिरात पडदाही तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी सरली की गावोगावच्या मोफत मोतीबिंदू शिबिरांच्या बातम्या आपल्या दैनिकात येऊ लागतात. १९७६ पासून चालत आलेला राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम आणि ही शिबिरं यांमुळे कितीतरी म्हाताऱ्या माणसांना पुन्हा दिसू लागलं, हे मोठंच काम आहे. पण त्यातूनच आपल्या मराठवाड्यात एक समज पक्का झाला आहे: वय झालं की नजर जायचीच, आणि ऑपरेशन केलं की ती परत यायचीच. मोतीबिंदूपुरतं हे बहुतेक वेळा खरं ठरतं. मधुमेहाने डोळ्याच्या आतला, चित्र उमटवणारा पडदा (रेटिना) फार खराब झाला किंवा काचबिंदूने डोळ्याची नस सुकली, की मात्र गेलेलं परत मिळत नाही.

या दोन्हींची सुरुवात साठीत होते असं नाही. शुगर निघाली की आपल्याकडे माणूस चहा बिनसाखरेचा करतो, पायाला जखम होऊ नये म्हणून जपतो, आणि जरा बरं वाटलं की गोळ्या सोडून देतो. डोळ्यांचा विषयच निघत नाही. वाढलेल्या साखरेने पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं खराब होत राहतात, तरी दिसायला स्वच्छ दिसतं. धूसर वाटू लागेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं. म्हणून शुगर असलेल्याने बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा दरवर्षी तपासून घ्यायला हवा. त्या थेंबांनी काही तास अंधुक दिसतं, सोबत माणूस न्यावा लागतो, दोघांचीही मजुरी बुडते. लोक टाळतात ते याचमुळे, त्यांना हयगयीचा दोष देणं मला पटत नाही. वेळेत कळलं तर लेझर आणि इंजेक्शनने नजर राखता येते.

दुसरी सवय मला जास्त घातक वाटते. सोयाबीनच्या मळणीत भुसा डोळ्यात जातो, डोळे लाल होतात, चिकटतात. मग दवाखान्यात न जाता मेडिकलवरून थेंब आणले जातात. त्यात स्टेरॉइड असेल तर लाली झटकन उतरते आणि तीच बाटली घरात सगळ्यांसाठी महिनोन्‌महिने वापरात राहते. असे थेंब दीर्घकाळ घातले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येतो. काचबिंदू बहुधा दुखत नाही. आधी कडेचं दिसेनासं होतं, समोरचं नीट दिसत असतं. उंबऱ्याला ठेचा लागायला लागल्या तरी घरचे वयालाच बोल लावतात. चिठ्ठीशिवाय हे थेंब देऊ नयेत, अशी औषध दुकानदारांना माझी कळकळीची विनंती आहे.

बिडी-सिगारेटने मोतीबिंदूचा धोका वाढतो आणि उतारवयात पडद्याचा मधला भाग झिजण्याचाही. चुलीचा धूरही डोळ्यांना वाईटच. वैशाखात शेतात राबणारा गडी डोक्याला रुमाल गुंडाळतो, डोळ्यांवर मात्र सावली नसते. रुंद काठाची टोपी आणि अतिनील किरण अडवणारा चष्मा हवा, नुसती काळी काच पुरत नाही. खाण्याचं म्हणाल तर पाथरी, तांदुळजा, शेवग्याचा पाला या आपल्या भाज्या डोळ्यांसाठी चांगल्याच आहेत. त्यांनी काचबिंदू थांबत नाही, एवढं ध्यानात ठेवावं.

तिशी ओलांडलेल्यांची शुगर आणि बीपीची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. चाळिशीनंतर तिच्या जोडीला डोळ्यांचा दाबही बघून घ्यावा. ज्यांच्या घरात कोणाला काचबिंदू आहे त्यांनी तर नक्कीच.

आपल्याकडे एकच मागणं आहे. यंदा शिबिराची बातमी छापताना तिथे शुगर, डोळ्याचा दाब आणि पडदा तपासला जाणार आहे का, एवढं आयोजकांना विचारून त्याची एक ओळ बातमीत द्यावी.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षक, सेलू (जि. परभणी)