नोकरी सुटली की मेडिक्लेमही का सुटावा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोकरकपातीच्या बातम्यांत किती जणांना नारळ मिळाला, नोटीस किती दिवसांची, भरपाई किती पगारांची, हे सगळे छापून येते. त्या माणसाचा मेडिक्लेम, म्हणजे कंपनीने काढलेला आरोग्य विमा, कोणत्या दिवशी बंद पडला, हे कधी येत नाही. बहुतेक कंपन्यांत तो कामाच्या शेवटच्या दिवशीच बंद पडतो, आणि त्याच्याबरोबर बायको-मुलांचा, आईवडिलांचाही.

चिंचवड-भोसरी पट्ट्यातल्या कारखान्यांच्या कार्मिक विभागात माझी नोकरी झाली, म्हणून या विषयावर लिहावेसे वाटले. नोकरी सोडणाऱ्याला ‘नो ड्यूज’चा फॉर्म भरावा लागतो. लॅपटॉप, ओळखपत्र, लॉकरची किल्ली, कँटीनची बाकी, प्रत्येक खात्याची सही. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे कागद वेगळे. त्या फॉर्मवर मेडिक्लेमचा रकाना नसतो. नाव वगळण्याची यादी मात्र विमा कंपनीकडे वेळेवर जाते, कारण उरलेल्या महिन्यांचा हप्ता कंपनीच्या खात्यात परत जमा व्हायचा असतो. ज्याचे नाव वगळले, त्यालाच त्याची खबर नसते.

माझ्या भाच्याने हिंजवडीतली नोकरी सोडली. नवी नोकरी बंगळुरूची, रुजू व्हायला महिन्याहून थोडा जास्त अवधी होता. नेमके त्याच दिवसांत त्याच्या वडिलांच्या छातीत दुखू लागले आणि अँजिओप्लास्टी करावी लागली. रुग्णालयातल्या टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या) खिडकीवर त्याने मोबाइलमधले ई-कार्ड दाखवले. तिथल्या मुलीने नंबर टाकला, पुन्हा एकदा टाकून पाहिला आणि म्हणाली, “सर, मेंबर इनॲक्टिव्ह दाखवतंय. डिपॉझिट भरावं लागेल.” ताईच्या मुदतठेवी मोडून बिल भागवले.

आपल्याकडे यावर नियमच नाही, असे नाही. ग्रुप पॉलिसीतल्या, म्हणजे कंपनीने सगळ्यांसाठी मिळून काढलेल्या विम्यातल्या, माणसाला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाची मिळून एक) पॉलिसीत जाण्याची सोय विमा नियामक आयआरडीएआयने ठेवली आहे. त्याला मायग्रेशन म्हणतात. ग्रुपमध्ये काढलेला काळ नव्या पॉलिसीच्या प्रतीक्षा काळातून (काही आजारांचा खर्च मिळत नाही त्या सुरुवातीच्या मुदतीतून) वजा होतो, हा त्यातला मोठा फायदा. ग्रुपमध्ये मधुमेह, रक्तदाब बहुधा पहिल्या दिवसापासून धरलेले असतात. बाहेर कोरी पॉलिसी घ्यायला गेलात, तर आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते (२०२४ पर्यंत ही मर्यादा चार वर्षांची होती). मोतीबिंदू, हर्निया, गुडघ्याचे सांधे यांची मुदत वेगळी. आणि पहिले तीस दिवस अपघात सोडून काहीच मिळत नाही. म्हणजे दोन नोकऱ्यांमधल्या महिन्याभरासाठी कोरी पॉलिसी जवळजवळ निरुपयोगी.

मायग्रेशनची ही सोय भाच्याला कोणी सांगितली नव्हती. सांगितली असती तरी खात्री नव्हती, कारण ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत घेताना विमा कंपनी वैद्यकीय तपासणी मागू शकते आणि नकारही देऊ शकते. ज्याला गरज सर्वांत जास्त, त्यालाच दार बंद होण्याची शक्यता जास्त.

मला खटकते ते पुढेच. ज्या कामगाराचा पगार महिना २१,००० रुपयांच्या आत आहे, तो बहुधा कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआयमध्ये) असतो. तिथे एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीतल्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमधले लाभ मिळतात, ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमधले. सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर ऑगस्टात काम सुटलेल्या माणसालाही पुढच्या जूनपर्यंत दवाखाना बंद होत नाही. ईएसआयच्या दवाखान्यांबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत आणि त्यातल्या बऱ्याच खऱ्या आहेत. पण काम थांबले म्हणून उपचार थांबू नयेत, हे तत्त्व १९४८ च्या ईएसआय कायद्यापासून चालत आलेल्या या व्यवस्थेत पक्के बसलेले आहे. पगार २१,००० च्या वर गेलेल्या लाखो नोकरदारांना तेवढेही संरक्षण नाही.

महात्मा फुले जन आरोग्य योजना आता सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली आहे, पाच लाखांपर्यंत. ती जरूर वापरावी, पण ठरलेल्या रुग्णालयांत आणि ठरलेल्या उपचारांनाच चालते. स्वतःची वेगळी पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या, हा सल्लाही योग्यच. तिशीतल्या मुलामुलींनी तो मनावर घ्यावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला आहे. सत्तरीतल्या मधुमेही वडिलांसाठी मात्र हा सल्ला उशिराचा ठरतो. त्यांच्यासाठी ग्रुप पॉलिसी हाच आधार असतो.

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांना ‘कोब्रा’ ठाऊक आहे. १९८६ पासून तिथे वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीतून बाहेर पडलेल्याला साधारण अठरा महिने जुन्याच विम्यात राहता येते. पूर्ण हप्ता आणि वर दोन टक्क्यांपर्यंत खर्च स्वतःच्या खिशातून भरावा लागतो, तो तिथे फार महाग पडतो. तरी निवड त्या माणसाच्या हाती राहते.

आपल्याकडे अठरा महिने नकोत, निदान तीन महिने द्यावेत. नोकरी सुटलेल्याने आपल्या वाट्याचा हप्ता स्वतः भरावा आणि तेवढा काळ ग्रुप पॉलिसीत कुटुंबासह राहावे, अशी अट आयआरडीएआयने प्रत्येक ग्रुप पॉलिसीत घालावी. त्या मुदतीत मायग्रेशनचा अर्ज आला, तर विमा कंपनीने तो केवळ वय किंवा जुना आजार दाखवून फेटाळू नये. नव्या वेतन संहितेनुसार नोकरी सोडणाऱ्याचे वेतन कामाच्या दोन दिवसांत चुकते करायचे आहे. त्याच दिवशी मेडिक्लेम किती तारखेपर्यंत चालू आहे आणि मायग्रेशनसाठी कुठे अर्ज करायचा, हे लेखी त्याच्या हातात पडावे. कामगार संघटनांनी आणि आपल्या खासदारांनी ही मागणी लावून धरावी, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त कार्मिक अधिकारी, चिंचवड